पाचाची बेरीज

रविवार, रात्री दहा

आज पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट गाडीने एका दमात चढला. चार महिन्यांनी हे लिहिता येतंय, म्हणून झोपायच्या आधी वही काढली.

गाडी बाबांची, २००९ची पेट्रोल. २०२४मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा घरातले सगळे म्हणत होते, काढा आता भंगारात. आम्ही दोघांनी हट्टाने पुढच्या पाच वर्षांची नोंदणी करून घेतली. मी गाडी शिकले ती हिच्यावरच.

जूनमध्ये याच घाटात, वळणावर, चेक इंजिनचा दिवा लागला आणि पेडल मेलं. कितीही दाबलं तरी रेस घेईना. मागे भरलेला ट्रक हॉर्न वाजवतोय आणि आम्ही वीसच्या स्पीडने सरपटतोय. बाबा वरचं हँडल घट्ट धरून बसले होते. बोलले काहीच नाहीत, पण त्यानंतर गाडीत बसायचं टाळू लागले. ते मला फार लागलं.

या गाडीत पेडल आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, यांच्या मध्ये केबल नाही. पेडल किती दाबलं ते सेन्सर कॉम्प्युटरला कळवतो आणि कॉम्प्युटरच्या सांगण्यावरून छोटी मोटर झडप उघडते. झडप किती उघडली हे सांगायला दोन सेन्सर असतात, एकाची साक्ष दुसऱ्याशी ताडून बघता यावी म्हणून. दोघांचं जुळेना की कॉम्प्युटर मोटरचा करंट तोडतो. मग स्प्रिंग झडप किंचित उघडी धरते, गाडी कडेला नेण्यापुरती. त्या दिवशी तिने आम्हाला सांभाळलंच होतं, हे मला उशिरा कळलं.

स्कॅनरवर दर वेळी एकच कोड, पी २१३५: दोन सेन्सरचं जुळत नाही. एका गॅरेजने थ्रॉटल बॉडीचा, म्हणजे झडप आणि तिचे सेन्सर असलेल्या पार्टचा, कार्बन साफ केला, आठ दिवस बरे गेले. दुसऱ्याने थ्रॉटल बॉडीच बदलली. साडेनऊ हजार गेले, आणि पुढच्याच घाटात दिवा पुन्हा लागला. नवा पार्ट बसवूनही जुनाच कोड येतो म्हणजे दोष त्या पार्टच्या बाहेर आहे. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

गेल्या रविवारी स्वतःच बॉनेट उघडलं. थ्रॉटल बॉडीला वायरी जोडणाऱ्या कपलरच्या मागून दोन टाचण्या सरकवल्या, दोन मल्टिमीटर लावले, दोन्हींच्या काळ्या पिना बॅटरीच्या निगेटिव्हला. चावी ऑन, इंजिन बंद. पहिला सेन्सर ०.७ व्होल्ट, दुसरा ४.३. बाबांना सीटवर बसवून म्हटलं, "हळूहळू दाबा." एक चढत गेला, दुसरा उतरत गेला. आमच्या गाडीत दोघांची बेरीज पाच यायला हवी, ती दर वेळी पाचच. अर्धा तास झाला तरी चूक सापडेना.

तेव्हा आतून बाबा म्हणाले, "अगं, घाटात इंजिन लोडवर झुकतं. इथे ते हलतंय कुठे?"

मी वायरिंगचा जुडगा धरून हळूच मागे ओढला. ०.७चे १.१ झाले, ४.३चे ४.४. बेरीज साडेपाच! दोन्ही आकडे एकदमच वर गेले, म्हणजे दोष दोघांच्या सामायिक अर्थिंगच्या (निगेटिव्हच्या) वायरमध्ये.

टेप सोलली. काळी वायर वरून अगदी धड होती, फक्त एका जागी बोटांना मऊ लागत होती, वातीसारखी वाकत होती. ब्लेडने चीर दिली तर आतलं तांबं काळं-हिरवं पडलेलं, केसाएवढ्या तीन-चार तारा कशाबशा शाबूत. इंजिनला धरून ठेवणारं माउंटिंग खचलं होतं, त्यामुळे चढाला इंजिन डुलायचं आणि आखूड बांधलेली ही वायर दर वेळी ताणली जायची. सपाटीला कधीच कोड आला नाही, तो यामुळे.

दोन इंच वायर कापून नवी जोडली, सोल्डर केलं, वर स्लीव्ह चढवली आणि थोडी ढील सोडून बांधली. पुन्हा ओढून पाहिलं, बेरीज पाच. बुधवारी माउंटिंग बदलून घेतलं.

आज बाबांना म्हटलं, पुण्याला जाऊन येऊ. जास्त न बोलता तयार झाले. परतताना त्याच वळणाच्या अलीकडे त्यांचा हात वरच्या हँडलवर गेलेला मी पाहिला. मी पेडल दाबलं, तिसऱ्या गिअरवर गाडीने रेस घेतली, पुढचं वळणही गेलं. माथा आल्यावर त्यांनी हँडल सोडलं आणि खिडकीची काच खाली केली.