लेपर्ड रॅस वाळूत गेली ती वर येईना : माझा अनुभव

लेपर्ड रॅस ही खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळतात ती समुद्री मासोळी. ती घ्यायला गेलात तर आधी एवढंच विचारा : हिला वाळू दिली आहे का? मला अजून राग आहे तो याच गोष्टीचा. ही मासोळी अंधार पडला की वाळूत शिरून झोपते, घाबरली तरी वाळूतच शिरते. मी जिथून घेतली तिथे टाकीच्या तळाला नुसती काच होती. एक भांडंभर वाळू ठेवा म्हटलं, तर उत्तर मिळालं की साफसफाईला त्रास होतो. दिवे बंद व्हायची वेळ झाली की ती बिचारी तळाच्या काचेवर तोंड आपटत होती. अशाने ओठ सोलवटतात, जखम चिघळते आणि मासा खाणंच सोडतो. ओठ नीट निरखून मगच मासा घ्या.

घरी क्वारंटाइनच्या टाकीत, म्हणजे नवा मासा आधी काही दिवस वेगळा ठेवतात त्या टाकीत, मी काचेच्या पसरट भांड्यात सहा-सात सेंटिमीटर बारीक वाळू भरून ठेवली होती. परजीवींवरचं तांब्याचं औषध वापरणार असाल तर ही वाळू सिलिकाची घ्या. प्रवाळाची वाळू तांबं शोषून घेते, मग पाण्यातलं प्रमाण टिकत नाही. भरड, टोकदार खडी मात्र अजिबात नको.

पिशवीतून सोडल्याबरोबर ती वाळूत घुसली आणि नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही नाही. ज्याला विचारावं तो म्हणे, "वाळू चाळून बघा, मेली असेल." मी हात घातला नाही, आणि याचा मला अभिमान आहे. दमलेल्या माशाला उकरून काढणं म्हणजे त्याचा एकुलता एक आसरा मोडणं. पण नुसतं बघत बसणंही जमेना, म्हणून रोज अमोनिया मोजत राहिले. छोट्या टाकीत मासा मेला तर अमोनिया वाढायला वेळ लागत नाही. आकडा शून्यावर होता, तोच माझा आधार. रोज थोडे जिवंत कोपेपॉड (पाण्यातले अगदी बारीक कवचधारी जीव) सोडत होते, कारण ते खाल्ले गेले नाहीत तरी गोठवलेल्या खाण्यासारखे लगेच कुजत नाहीत.

मग लक्षात आलं की तिचं घड्याळच वेगळं असणार. हे मासे हिंदी आणि प्रशांत महासागरातल्या खडकांवरून येतात. तिथला दिवस, दुकानातला दिवस आणि माझ्या टाकीतला दिवस एकाच वेळी थोडाच उगवतो! दुकानात दिवे कधी लागतात ते विचारलं, माझे त्याच वेळेला लावले आणि रोज थोडे थोडे पुढे सरकवत नेले. एका सकाळी वाळूतून दोन डोळे दिसले. ती बाहेर आली, दगड टिपत फिरली, दुपारी पुन्हा आत. मला रडू आलं, खरंच. हळूहळू तिचा दिवस माझ्या दिव्यांशी जुळला.

खाण्याचं म्हणाल तर आधी कोपेपॉड आणि आर्टेमिया या छोट्या कोळंबीसारख्या जीवाची ताजी पिल्लं, त्यात गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखेच बारीक जीव) मिसळत जायचं. दिवसातून तीनदा तरी थोडं थोडं द्या. एकदाच भरपूर देऊन भागत नाही, कारण ती दिवसभर टिपून खाणारी आहे. म्हणूनच नव्या टाकीत ही मासोळी आणू नये. खडकांवर सूक्ष्म जीवांची वस्ती झालेली जुनी टाकी हवी.

मुख्य टाकीत हलवल्यावर तिने झोपायला एक कोपरा ठरवून घेतला. तिथली वाळू मी सायफनने ओढत नाही. खडक वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर टेकवा, म्हणजे खालची वाळू सरकली तरी ते ढासळत नाहीत.

आणि झाकण! बारीक जाळीचं, वायरींच्या फटीसुद्धा बुजवलेलं. दचकली की ती उडी मारते.

दुसरी आणायची असेल तर आधीचीपेक्षा लहान आणा. या जातीत जन्मतः सगळ्या माद्या असतात, पुढे त्यांतली मोठी, दबंग मादी नर होते. दोन नर एका टाकीत ठेवू नका.