पट्टी राहते, नाव जातं

डेलियाचे कंद काढून ठेवले की सगळे सारखेच दिसतात. लिलीचं त्याहून अवघड. पानं वाळली की झाड नेमकं कुठे होतं हेच कळत नाही, आणि खुरपं बरोबर तिथेच पडतं. एकेका फुलझाडाचे बरेच वाण जमल्यावर नावं डोक्यात ठेवण्याचा नाद मी सोडला आणि वर्षानुवर्षं टिकेल असं लेबल शोधायला लागले.

तयार लेबलांच्या पाकिटांवर बहुधा पाण्यापासून संरक्षणाची हमी असते. पण अक्षराचा खरा वैरी पाणी नाही, ऊन आहे. मी एकाच जातीच्या पांढऱ्या प्लास्टिक पट्ट्या घेतल्या, त्यांवर वेगवेगळ्या पेनांनी तीच नावं लिहिली आणि दिवसभर ऊन असणाऱ्या वाफ्याच्या कडेला ओळीने खोचून ठेवल्या. नेहमीच्या पर्मनंट मार्करची अक्षरं आधी करडी झाली, मग फिकट पिवळट, मग गायब. तीच पट्टी उपटली तेव्हा गंमत दिसली: मातीवरचा भाग कोरा, आणि मातीत गेलेल्या टोकावर नावाची शेवटची दोन अक्षरं अगदी काळीभोर. ओली माती, खत, पाणी, सगळं सोसून ती शाबूत होती, कारण तिथे ऊन पोचलं नव्हतं.

बऱ्याच मार्करच्या शाईत विरघळणारा रंग असतो आणि अतिनील किरणांनी त्याचे रेणू तुटतात. शाई पाण्याने धुतली जात नाही हे खरं, पण उन्हाने विटते त्याचं काय? तेव्हापासून कुंडीतल्या झाडांसाठी मी एक सोय कायमची केली. नावाची दुसरी पट्टी कुंडीच्या कडेला पूर्ण मातीत गाडून टाकते. वरची हरवली, कुणी उपटली, तरी खालची सापडते. अंधारात ठेवायच्या कंदांवर म्हणूनच मार्करने थेट लिहिलं तरी चालतं.

त्या ओळीत जिंकली ती साधी पेन्सिल. ग्राफाइट म्हणजे कार्बन, त्याला ऊन काही करू शकत नाही. अट एवढीच की पट्टी थोडी खरखरीत हवी. गुळगुळीत, चकचकीत प्लास्टिकवर पेन्सिल घसरते, म्हणून आधी बारीक सँडपेपर फिरवावा. मऊ, ठळक पेन्सिल घ्यावी. रोपांच्या ट्रेमध्ये मी आता दुसरं काही वापरत नाही, कारण पट्टी घासली की पुन्हा वापरता येते.

पण अक्षर टिकलं तरी पट्टी टिकायला हवी ना! पातळ प्लास्टिक उन्हात ठिसूळ होतं. पकडून ओढलं की वरचा तुकडा हातात आणि खालचा मातीत. लाकडी काड्या दिसायला छान, पण बरोबर मातीच्या पातळीवर कुजतात, कारण बुरशीला लागणारी ओल आणि हवा दोन्ही तिथेच मिळतात. कागद लॅमिनेट करून पाहिला. कडेला प्लास्टिकची मोकळी किनार सोडली तर तो बरा टिकतो, पण दोरा ओवायला कागदातूनच भोक पाडलं की पाणी तिथून आत शिरतं आणि इंकजेटची शाई ढगासारखी पसरते. भोक किनारीतच पाडावं. लेबल प्रिंटरच्या टेपमध्येही फरक आहे. ज्या टेपवर छपाईच्या वरून पारदर्शक थर असतो ती चांगली. पावतीसारखा उष्णतेने काळा पडणारा कागद बागेत आणूच नये, तो उन्हात सगळाच काळवंडतो.

कायमच्या झाडांसाठी शेवटी धातूवर आले. मऊ ॲल्युमिनियमची पातळ पट्टी मिळते, तिच्यावर शाईच लागत नाही. खाली वर्तमानपत्राची जाड घडी घ्यायची आणि संपलेल्या रिफिलने दाबून लिहायचं. अक्षर खोल रुततं, मागच्या बाजूला उठून येतं, बोटाने चाचपून वाचता येतं. टोकदार खिळा वापरला तर पत्रा फाटतो, रिफिलचं गोल टोकच बरं. कापलेल्या कोपऱ्यांना कात्रीने गोलाई द्यावी, नाहीतर तण काढताना बोट कापतं. जस्ताच्या पट्टीवर तर पेन्सिलही पुरते. जस्त हवेत करडं पडतं आणि लिखाण त्यावर वाचता येईल असं राहतं. तांब्याच्या पट्टीवर हिरवट थर चढतो, तो मला आवडतो, पण लांबून वाचायला त्रास होतो.

लिहायचं काय, यावर मी सुरुवातीला फारसा विचार केला नव्हता, आणि तोच भाग महत्त्वाचा निघाला. नुसतं ‘गुलाब, लाल’ लिहून काही हाती लागत नाही. वाणाचं पूर्ण नाव एकेरी अवतरणात लिहायचं, ही लागवडीखालच्या वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे आणि तिची पहिली संहिता 1953 साली आली. सोबत लावल्याचा महिना, वर्ष आणि एक क्रमांक. झाड कुठून आलं, कलम आहे की बियांचं, हे सगळं त्या क्रमांकाखाली वहीत. मोठी वनस्पती उद्यानंही प्रत्येक नोंदीला क्रमांक देतात, आणि बऱ्याच ठिकाणी त्याची सुरुवात झाड आल्याच्या वर्षाने होते. ही युक्ती मी तशीच उचलली. पट्टी लहान राहते, आणि एखादं अक्षर बुजलं तरी वहीवरून शोध लागतो.

राहिली तार. लोखंडी तार गंजून तुटते आणि पट्टी पालापाचोळ्यात जाते. तांब्याची तार ॲल्युमिनियमच्या भोकातून ओवू नये. ओलाव्यात दोन धातू एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम झिजत जातं आणि भोक मोठं होऊन पट्टी गळते. ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियमचीच तार घालावी. आणि ती मुख्य खोडाला आवळू नये. खोड जाड होतं, तार होत नाही, मग ती सालीत रुतते आणि वरच्या भागाचं अन्न खाली उतरायचं थांबतं. मी बाजूच्या फांदीला सैल फास घालते आणि दर छाटणीला त्यातून दोन बोटं जातात का ते बघते. जात नसतील तर तार उलगडून पुन्हा सैल करायची. तेवढ्यासाठी तारेचं टोक सुरुवातीलाच लांब सोडलेलं बरं.