पदराच्या गाठीतले वीस रुपये

पहिल्या वारीला मी फोनमध्ये पावलं मोजणारं अ‍ॅप टाकून निघालो होतो. पुणे ते सासवड हा माउलींच्या वाटेवरचा सगळ्यात लांबचा टप्पा, त्यात दिवेघाटाची चढण. सासवडला टेकलो तेव्हा टाचांना फोड आले होते, पण आधी स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकला. मग फोडांकडे बघितलं.

आमच्या दिंडीत परभणीकडच्या एक आजी होत्या. त्यांनीच सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढला. पाणी निथळलं, कातडी जागेवर राहिली. ‘‘कितवी वारी, माउली?’’ मी विचारलं. ‘‘कुणी मोजल्यात?’’ म्हणाल्या आणि पुढच्याचा पाय मांडीवर घेतला.

जेजुरीनंतरचा मुक्काम वाल्ह्याला. हे वाल्या कोळ्याचं गाव, वाल्मीकींची समाधी तिथे दाखवतात. रात्री राहुटीत त्याचीच गोष्ट निघाली. एका खुनाला एक खडा, असे सात रांजण भरलेले. आणि पापात वाटेकरी व्हाल का विचारल्यावर बायकोपोरांनी कानावर ठेवलेले हात. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण त्या रात्री डोळ्यांसमोरून रांजण हलेनात. तो खडे टाकत होता, मी पावलं. वर माझी अपेक्षा अशी की घरच्यांनी माझ्या पुण्यात वाटेकरी व्हावं, गेलाबाजार एक अंगठा तरी दाखवावा! उत्तर फक्त मेहुण्याचं आलं होतं, ‘वजन किती उतरलं?’

आजी मात्र एक हिशेब चोख ठेवून होत्या, हे नीरेत कळलं. तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो, टाळ थांबतात आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. चष्मा, पिशवी, पाकीट. आजी हे कीर्तनासारखं कान देऊन ऐकायच्या. का, ते विचारायचं मला सुचलं नव्हतं.

नीरेला माउलींच्या पादुकांना स्नान घालतात. सगळी गर्दी नदीकडे लोटलेली, आणि आजी मला घेऊन उलट्या दिशेला, चहाच्या टपऱ्या धुंडाळत. गेल्या वर्षी एका टपरीवाल्याकडे सुटे नव्हते. तो म्हणाला होता, राहू द्या. तिसऱ्या टपरीवर आजींनी त्याला ओळखलं. त्याला काही आठवेना.

‘‘आजी, राहू द्या हो. वारकऱ्याकडून कुठं घ्यायचे?’’

‘‘तुझ्या ध्यानात नसलं तरी माझ्या हाय की! वरीसभर निजताना आठवतंय मला.’’ आवाज चढलेला होता. मला वाटलं होतं हा प्रसंग गोड वगैरे होईल. त्या चक्क चिडल्या होत्या.

पदराची गाठ घट्ट बसलेली. बोटांनी सुटेना तेव्हा दातांनी सोडली. आतली वीसची नोट घडी घालून घालून सुपारीएवढी झाली होती. त्याने ती घेतली, कपाळाला लावली.

‘‘आता दोन चहा दे. याचे येगळे पैसे.’’

बाकावर बसून त्यांनी चहा बशीत ओतला. फुंकर घालत, डोळे मिटून, सावकाश प्यायल्या. पदराचं टोक मांडीवर होतं. गाठ सुटली तरी चुण्या तशाच होत्या. नदीकडून गजर ऐकू येत होता. ‘‘चला की,’’ मी म्हणालो. ‘‘थांब रे,’’ आजी म्हणाल्या, ‘‘औंदा चहा ग्वाड लागतुया.’’