हिपॅटायटिस सी: खूण एका जागी, कारण शेजारी

बेळगावात टिळकवाडीतला पत्ता सांगताना ‘दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ’ म्हणतात. त्यावरून घर जवळ आहे एवढंच कळतं. हिपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराच्या अभ्यासात २००९ साली असंच एक गेट सापडलं: १९व्या गुणसूत्रावरची आरएस१२९७९८६० ही जागा. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून तिथे डीएनएचं ‘सी’ अक्षर आलेल्यांना इंटरफेरॉनची (विषाणूविरोधी प्रथिनाची) इंजेक्शनं जास्त लागू पडत. पण या अक्षरानं कुठलंच प्रथिन बदलत नव्हतं.

घर, म्हणजे खरं कारण, सापडलं २०१३ मध्ये, अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या संशोधकांना. खुणेपासून चारशे अक्षरांच्या आतच काहींना ‘टीटी’ असतं, काहींना त्याऐवजी एकच ‘जी’. पेशी डीएनएची अक्षरं तीन-तीनच्या गटांत वाचते; एक अक्षर घटलं की ही वाचनाची चौकट सरकते आणि आयएफएनएल४ हे इंटरफेरॉनच्या कुळातलं प्रथिन बनतं. टीटीवर ते बनत नाही. जागा इतक्या जवळ की दोन्ही बदल बहुधा जोडीनंच वारशात येतात. आफ्रिकी वंशाच्या लोकांत मात्र ही जोडी सैल आहे, तिथे नुसत्या खुणेवर विसंबलं की अंदाज चुकतो.

आम्हाला सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढचं. ‘जी’ असलेल्या रुग्णांच्या रक्तात उपचाराआधी विषाणू सरासरीनं कमीच असतो, तरी तो शरीरातून निघून जाण्याची शक्यताही कमी! त्यांच्या यकृतातली इंटरफेरॉनची यंत्रणा आधीच चालू असते, त्यामुळे बाहेरून दिलेल्या इंटरफेरॉनला ती फारशी दाद देत नाही. ‘जी’ असलेल्या त्याच डीएनएच्या धाग्यावर प्रथिनाच्या ७०व्या जागी प्रोलिन या अमिनो आम्लाऐवजी सेरिन आलं, तर प्रथिन दुबळं पडतं आणि रुग्णाचं पारडं थोडं सुधारतं. टीटीच्या धाग्यावर प्रथिनच नाही, म्हणून तिथे या बदलाला अर्थ उरत नाही.

या जनुकाच्या तपासणीला रक्त जांभळ्या बुचाच्या ईडीटीए नळीत घ्यावं. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनमुळे पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत) अडतो. यकृत बदललेल्या रुग्णाचं रक्त त्याची स्वतःची जनुकं दाखवतं, नवं यकृत मात्र दात्याची जनुकं घेऊन आलेलं असतं.

खानापूर, निपाणीकडे आज कुणाला हा आजार निघाला, तर या जनुक तपासणीवर पैसे घालवू नका. सोफोसबुव्हिर आणि वेल्पाटास्विर गोळ्या, बहुतेकांना १२ आठवडे, दोन्ही प्रकारच्या लोकांना लागू पडतात. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात उपचार मोफत आहेत. अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली तर आधी विषाणूचा आरएनए (त्याचं जनुकीय द्रव्य) तपासा, कारण बरं झाल्यावरही अँटिबॉडी राहते. गोळ्या सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बीचीही तपासणी हवीच. सी दबला की लपलेला बी उसळू शकतो.