पावातलं यीस्ट आणि डीएनए ओढणारी मशिनं

यीस्टवर काम करते म्हटलं की आमच्या लालबागच्या बिल्डिंगमधे पुढचा प्रश्न ठरलेला, म्हणजे पावात घालतात ते? हो काकू, तेच, सॅकरोमायसिस सेरेविसी, बेकरीत पाव फुगवतं आणि लॅबमधे आमचं डोकं खातं.

तर त्या एवढ्याशा पेशीत साधारण १ कोटी २० लाख बेस पेअरचा (म्हणजे डीएनएच्या शिडीच्या एवढ्या पायऱ्यांचा) डीएनए, १६ क्रोमोसोममधे वाटलेला, आणि तो मोकळा नसतोच, फिरकीला मांजा गुंडाळावा तसा हिस्टोन प्रोटीनच्या गोळ्यांवर चढवलेला, एका गोळ्यावर १४७ बेस पेअर, धड पावणेदोन वेढेही नाहीत. हा न्यूक्लिओसोम. आता जीन चालू करायचं तर नेमका मोक्याच्या जागी हा ठाण मांडून बसलेला, मग त्याला हलवायला रिमॉडेलिंग कॉम्प्लेक्स लागतात.

यातलं सगळ्यात गाजलेलं म्हणजे स्वी-स्निफ. गंमत अशी की हे शोधणारे क्रोमॅटिन (म्हणजे हिस्टोनवर गुंडाळलेला हा डीएनए) शोधतच नव्हते! काही जण सुक्रोज पचवता न येणारं यीस्ट धुंडाळत होते, काही जण मेटिंग टाइप (यीस्टचं नर-मादीसारखं लिंग) बदलता न येणारं, आणि पुढे कळलं की दोघांच्या हाती लागलेलं एक जीन तर एकच आहे. त्याहून भारी म्हणजे अशा बिघडलेल्या यीस्टमधे हिस्टोनची जीन्स पण बिघडवली तर सुक्रोज फोडणारं जीन परत चालू व्हायला लागलं. म्हणजे अडवून कोण बसलं होतं ते आपोआप उघड झालं. मला अजूनही हा पुरावा कुठल्याही चकचकीत स्ट्रक्चरपेक्षा जास्त आवडतो.

आता हलवतात कसं, तर पुस्तकातल्या चित्रात गोळा ढकलल्यासारखा दाखवतात, ते मला अजिबात पटत नाही. कॉम्प्लेक्सची मोटर न्यूक्लिओसोमला धरून बसते, मधल्या बिंदूपासून डीएनएच्या पिळाची साधारण दोन वळणं लांब, आणि एटीपी (पेशीचं इंधन) जाळत डीएनए एकेक-दोनदोन बेस पेअर ओढत राहते, एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. ढकलाढकली नाहीच, ओढाओढी आहे सगळी.

आणि ओढतात बहुतेक सगळीच कॉम्प्लेक्स, पण प्रत्येकाचा हेतू वेगळा. आरएससी प्रमोटरची (जिथून जीन चालू होतं त्या तुकड्याची) जागा मोकळी ठेवतं, ते नसेल तर यीस्ट जगतच नाही (स्वी-स्निफ नसेल तर रडतखडत का होईना, जगतं). आयएसडब्ल्यू-१ आणि सीएचडी-१ उलट जीनवर न्यूक्लिओसोम सारख्या अंतरावर लावून ठेवतात. एसडब्ल्यूआर-१ तर सरकवत पण नाही, एचटूए नावाचा हिस्टोन काढून त्याचाच भाऊबंद एचटूए-झेड बसवतं, बस.

जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलीच्या वडीवर, न्यूक्लिओसोममधलं हे अंतर सरळ दिसतं. मायक्रोकोकल न्यूक्लिएज नावाचं एन्झाइम दोन न्यूक्लिओसोमच्या मधला उघडा डीएनए कापतं, मग जेल चालवून यूव्हीखाली धरलं की शिडी दिसते, यीस्टमधे पायऱ्या साधारण १६५ बेस पेअरवर, आपल्या पेशींपेक्षा दाटीवाटीने. एन्झाइम जरा जास्त वेळ राहिलं की वरच्या पायऱ्या गायब, सगळा माल तळाशी एका पट्ट्यात, आणि मग गाइडला काय दाखवायचं हा वेगळाच प्रश्न.