आमची वाटचाल: आधी पाणी, मग रंग

दोन जेट मशीन आणि एक बोअर, एवढ्यावर आमचं कापड रंगाईचं युनिट सुरू झालं. वहीत रंग, मीठ, वीज, मजुरी असे रकाने होते. पाण्याचा नव्हताच. किलोभर सुती कापडामागे १०० लिटरच्या आसपास पाणी जायचं, आणि ते फुकटचंच आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

पहिला फटका टंचाईचा नव्हे, शेडचा, म्हणजे रंगछटेचा बसला. मंजूर नमुन्याप्रमाणे रंगवलेला लॉट फिका, डागाळलेला निघाला. मी रंगमास्तरांवर चिडलो, रंगाचा डबा बदलला, तरी तेच. शेवटी पाणी तपासलं, तर हार्डनेस, म्हणजे पाण्याचा क्षारांमुळे येणारा जडपणा, दुपटीच्या वर. बोअरची पातळी खाली गेली होती आणि खोलचं पाणी क्षार घेऊन येत होतं. माल परत आला. मास्तरांची माफी मागायला मला आठवडा लागला, ते वेगळंच.

नवल म्हणजे त्या वर्षी पाऊस सरासरीइतका झाला होता. पण सरासरी फसवते. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा कोसळतो, जमिनीत मुरायच्या आत वाहून जातो, आणि मधल्या लांबलेल्या उघडिपीत उरलीसुरली ओल उडते. आभाळातून तेवढंच पडलं तरी बोअरच्या वाट्याला कमी येतं.

पुढे खर्च गुपचूप वाढत गेले. पंप आणखी खाली सोडला, वीजबिल चढलं. पाण्याचा जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनरला मिठाचा खुराक वाढवावा लागला. बॉयलरच्या नळ्यांत थर साचून इंधन जास्त जळू लागलं. यातल्या एकाही बिलावर ‘हवामान बदल’ असं लिहून येत नाही.

दूरच्या पाण्याचीही झळ लागते. २०१८ मध्ये युरोपातली राइन नदी इतकी आटली की मालवाहू बोटी अर्ध्यामुर्ध्या भरून न्याव्या लागल्या आणि काठच्या रसायन कारखान्यांना उत्पादन घटवावं लागलं. रंग-रसायनं विकत घेणाऱ्याला अशी बातमी परकी वाटत नाही. कापसाचंही तेच. जगात उपसलं जाणारं सुमारे ७० टक्के गोडं पाणी शेतीला लागतं. ते हुकलं की सूत महागतं.

आता आम्ही कमी पाण्यात रंगवणारी मशीन घेतली आहेत. शेवटच्या धुण्याचं पाणी पुढच्या लॉटच्या पहिल्या धुण्याला वापरतो. पाण्यातले क्षार वेगळे काढणारा आरओही बसवला, पण त्यातून उरणाऱ्या खारट पाण्याचं काय करायचं, हा गुंता आमच्याने पुरता सुटलेला नाही. ते आटवायचं तर पुन्हा इंधनच जाळायचं!

गेल्या उन्हाळ्यात काळ्या रंगाची मोठी ऑर्डर नाकारली. गडद रंगाला धुणी जास्त लागतात आणि टाकीत तेवढं पाणी नव्हतं. मुलगी म्हणाली, “बाबा, काम दारात असताना मशीन बंद?” तिचं चुकत नव्हतं. चार दिवस बंदच होती.