पंखे थांबले, प्रोसेसर वाचला, बोर्ड गेला

बटण दाबलं की आत ‘टक्’ होतं, दिवा क्षणभर लागतो आणि सगळं बंद. मे महिन्यात सोलापुरात दुरुस्तीला आलेल्या एका घरगुती संगणकाची तक्रार एवढीच होती. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा साधा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, ४५० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. मालक निवृत्त शिक्षक. खोदून विचारल्यावर मागचं कळलं: आधी मशीन मंद झालं, मग चालता चालता बंद पडू लागलं, कुणीतरी येऊन विंडोज फॉरमॅट करून दिलं, तरी तेच.

‘‘सर, पंखे फिरत होते का?’’

‘‘फिरत होते की! मागून वारा येत होता, आवाज पण होता.’’

तो वारा एसएमपीएसचा. त्याचा पंखा आपल्याच डब्यातून वीज घेतो, बोर्डाशी त्याचा काही संबंध नसतो. बाकीचे सगळे पंखे ठप्प असले तरी तो घोंघावत राहतो आणि घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे. पंखा फिरतो का हे बाजूचं झाकण काढून, डोळ्यांनी बघायचं असतं.

झाकण काढलं तर प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, म्हणजे हीटसिंकच्या, पात्यांवर कापसाच्या तंतूंची गादी. घराशेजारी यंत्रमागाचा कारखाना असेल तर हे नेहमीचंच. साध्या धुळीपेक्षा हे वाईट, कारण तंतू एकमेकांत गुंततात, नुसत्या ब्लोअरने निघत नाहीत, ब्रशने सोडवावे लागतात. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर ते हवेने भलत्या वेगात फिरतं आणि बेअरिंग खराब होतं.

आधी एसएमपीएस. २४ पिनचं कनेक्टर बोर्डातून काढून हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेला जोडली, भार म्हणून एक जुना डीव्हीडी ड्राइव्ह लावला. पिवळ्यावर १२.१, लालवर ५.०५, नारिंगीवर ३.३२ व्होल्ट. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १२ चे ११.४ ते १२.६. एसएमपीएस ठणठणीत. मग तो बंद का होतो? कुणीतरी त्याचा गळा धरतंय म्हणून. भार मर्यादेबाहेर गेला की तो स्वतःला बंद करतो, आणि बऱ्याचदा मुख्य वीज काही सेकंद काढल्याशिवाय पुन्हा उठत नाही.

पुढची चाचणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी. प्रोसेसरजवळ जाणारं ४ पिनचं १२ व्होल्टचं कनेक्टर काढलं, २४ पिनचं लावलं, बटण दाबलं. आता एसएमपीएस चालूच राहिला. म्हणजे शॉर्ट प्रोसेसरच्या वीजपुरवठ्यातच.

हा पुरवठा कसा चालतो ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एसएमपीएस १२ व्होल्ट देतो, या पिढीच्या प्रोसेसरला हवेत साधारण १.८. हा उतार बोर्डावरचा व्हीआरएम, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा भाग, करतो, आणि ८४ वॉटच्या प्रोसेसरला पूर्ण भारावर ४५ अँपिअरच्या आसपास प्रवाह पुरवतो. त्यात सारख्याच काही जोडण्या असतात, त्यांना फेज म्हणतात. प्रत्येक फेजमध्ये दोन मॉस्फेट, म्हणजे विजेवर चालणारे स्विच: वरचा १२ व्होल्टकडे, खालचा ग्राउंडकडे, दोघं आळीपाळीने चालू-बंद, आणि पुढे एक कॉइल. यात काही वॉट उष्णता तिथेच निघते. स्वस्त बोर्डांवर या मॉस्फेटना हीटसिंक नसतं. प्रोसेसरसोबत मिळणारा कूलर हवा खाली फेकतो, ती सॉकेटभोवती पसरते, त्याच वाऱ्यावर त्यांचा गुजारा. पंखा थांबला की त्यांचा वारा संपला.

प्रोसेसरचं तसं नाही. त्याच्या आत तापमापक असतो. शंभर अंशांच्या आसपास तो आपला वेग खाली आणतो, त्याही पलीकडे गेलं तर बोर्डाला वीज तोडायला लावतो. ‘मशीन मंद झालं’ आणि ‘चालता चालता बंद पडलं’ ही दोन्ही लक्षणं इथूनच आली. या बोर्डाच्या मॉस्फेटवर असा कुठलाच पहारा नव्हता.

मल्टिमीटर ओहमवर ठेवून मोजणी केली. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून तारांचाच रोध बघून घ्यायचा, माझ्या मीटरवर ०.२ येतो. कॉइलपासून ग्राउंडपर्यंत ०.३. पण प्रोसेसर सॉकेटमध्ये असताना हा आकडा तसाही फार कमी येतो, म्हणून बीप वाजला की शॉर्ट समजणारे इथे हमखास फसतात. प्रोसेसर काढून पुन्हा मोजलं. तरीही ०.३. आता मात्र खात्री झाली. दुसरीकडे ४ पिनच्या १२ व्होल्टपासून कॉइलपर्यंत शॉर्ट नव्हता. म्हणजे वरचे मॉस्फेट शाबूत, खालचा एक गेलेला.

प्रोसेसरचं नशीब इथेच ठरतं. वरचा मॉस्फेट शॉर्ट झाला तर १.८ च्या जागी थेट १२ व्होल्ट प्रोसेसरवर जातात. खालचा गेला तर प्रोसेसरची लाइन ग्राउंडला टेकते आणि एसएमपीएस बंद पडतो, प्रोसेसर बहुधा वाचतो. हा प्रोसेसर दुसऱ्या बोर्डावर लावला आणि चालला. ही चाचणी उलट दिशेने कधीही करू नये. संशयित बोर्डात चांगला प्रोसेसर बसवून ‘बघूया’ म्हणणं महागात पडतं.

नेमका कुठला मॉस्फेट हे मीटर सांगत नाही, कारण सगळ्या कॉइल पुढे एकत्र येतात आणि तिन्ही फेज शॉर्ट दिसतात. प्रोसेसर काढलेल्या बोर्डाच्या त्या लाइनवर प्रवाहाची मर्यादा लावून १ व्होल्ट सोडले आणि वर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरलं. जिथून ते आधी उडालं, तो मॉस्फेट. त्याच्या खालची बोर्डाची जागा तपकिरी पडली होती. बदलता आला असता, पण इतका भाजलेला बोर्ड पुन्हा मे महिन्यात उभा करण्यात अर्थ नव्हता. त्याच चिपसेटचा दुसरा बोर्ड बसवला.

राहिला मूळ प्रश्न: सगळे पंखे एकदम का थांबले? ४ पिनचं कनेक्टर काढलं तरी २४ पिनमधून १२ व्होल्ट बोर्डावर येतातच, म्हणून पंख्याचं हेडर, म्हणजे पंखा जोडायच्या पिना, मोजता आलं. दुसऱ्या पिनवर १२ ऐवजी शून्य. हेडरशेजारचा छोटा फ्यूज काळा पडलेला. बोर्डावर पंख्यांची जागा कमी, म्हणून जोडणी करणाऱ्याने स्प्लिटर लावून कूलरचा पंखा आणि कॅबिनेटचे तीन रंगीत दिव्यांचे पंखे एकाच हेडरवर टांगले होते. कूलरचा ०.२८ अँपिअर, बाकीचे प्रत्येकी ०.३, बेरीज १.१८ अँपिअर. अशा हेडरची मर्यादा साधारण १ अँपिअर असते. त्यात पुढच्या पंख्याच्या आसाला तंतू गुंडाळून तो अडकलेला, सुरू व्हायला पुन्हा पुन्हा झटका मारणारा, आणि झटक्याला नेहमीपेक्षा जास्त प्रवाह लागतो. बाकीचे तीन पंखे थेट १२ व्होल्टवर नीट फिरले.

फॅन बंद असताना बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा बोर्डाचा स्वतःचा प्रोग्रॅम, सहसा ‘सीपीयू फॅन एरर’ दाखवून थांबतं. इथे का थांबलं नाही? बोर्डाला प्रोसेसरची वीज नसल्याने आता बायोस उघडणं शक्य नव्हतं, पण सरांना आठवलं: फॉरमॅट करायला आलेल्याने ‘ही सारखी एक पाटी येते ती घालवून दिली’. डिस्क दुसऱ्या मशीनला लावून नव्या विंडोजच्या नोंदी बघितल्या. मशीन अचानक बंद पडल्याच्या, म्हणजे कर्नल-पॉवर ४१ च्या, रांगा, आणि प्रत्येकीत बगचेक कोड शून्य. म्हणजे विंडोज कोसळलं नव्हतं, खालून वीजच तुटत होती. या नोंदी फॉरमॅटआधी कुणी उघडल्या असत्या तर तेव्हाही बहुधा हेच दिसलं असतं.

नव्या बोर्डावर कूलर बसवताना वाटाण्याएवढी पेस्ट, आणि चार प्लास्टिक खुंट्या कर्णात दाबायच्या: एक, मग समोरची. खुंटीवरचा बाण ती सोडवण्याची दिशा दाखवतो, म्हणून बसवण्याआधी बाणाच्या उलट फिरवून घ्यायची. बोर्ड उलटा करून चारही टोकं बाहेर आली आहेत ना ते बघायचं, एक जरी अर्धवट राहिली तरी कूलरचा तळ प्रोसेसरला नीट टेकत नाही. कूलरचा पंखा एकटाच सीपीयू हेडरवर. कॅबिनेटचे दोन पंखे मोलेक्स कनेक्टरने सरळ एसएमपीएसवर, अडकलेला तिसरा काढून टाकला. बायोसमध्ये पंख्याचा इशारा चालू, किमान मर्यादा मिनिटाला ६०० फेरे. बोर्ड बदलल्याने विंडोजने पुन्हा ॲक्टिव्हेशन मागितलं, ते सरांच्या खात्यातून झालं. खोलीत ३८ अंश असताना पूर्ण भारावर प्रोसेसर ७६ वर स्थिरावला.